अंदमानचे पक्षी, कॅमेरा आणि घुबडांना ‘कॉल’ वाजवण्याचं भांडण

रानवाट (धागाकर्ता)

व्यनित (व्यक्तिगत निरोपात) बऱ्याच जणांनी अंदमानबद्दल विचारलं, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाकतो. हे प्रवासवर्णन नाही. सेल्युलर जेल, राधानगर बीच, स्कूबा यांवर इथे भरपूर धागे पडलेले आहेत. मी फक्त पक्षी आणि त्यांचे फोटो एवढ्यावरच बोलणार आहे आणि शेवटी एक भांडण लावून देणार आहे.

आधी अपेक्षा नीट करून घ्या. भरतपूरला किंवा भिगवणला जाऊन आलेल्या माणसाचा इथे पहिल्या दिवशी हिरमोड होतो. पक्ष्यांच्या जाती मोजक्याच. तांबट नाही, सातभाई नाहीत. मुख्य भूमीवरून जे इथवर पोचू शकले तेच टिकले आणि लाखो वर्षं एकटे राहून वेगळे झाले. त्यामुळे यादी लहान, पण त्यातले वीसेक पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, किंवा फार तर शेजारच्या म्यानमारच्या कोको बेटांवर आहेत. अंदमानचा भारद्वाज घ्या. आपल्या परसातला काळाभोर, हा मात्र आपला भारद्वाज चहात बुडवून वाळत घातल्यासारखा. तेच चोरटं चालणं, तोच घुमणारा आवाज, रंग तेवढा फिका तपकिरी.

जागा म्हणाल तर दक्षिण अंदमानातच निम्म्याहून जास्त काम होतं. चिडियाटापू (शहरापासून पंचवीसेक किलोमीटर), माउंट हॅरिएट (2021 पासून अधिकृत नाव माउंट मणिपूर) आणि सिप्पीघाट. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं आहे, पण टॅक्सीवाल्याला काहीही सांगा, त्याला कळतं.

सिप्पीघाटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बहुतेक लोक तिथे दहा मिनिटं थांबून निघतात. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन मीटरभर खचली. उत्तर अंदमानात उलट, किनारा वर उचलला गेला. सिप्पीघाटच्या भातखाचरांत भरतीचं पाणी शिरलं ते कायमचं. बांधावरची झाडं उभ्या उभ्या मेली, विजेचे खांब पाण्यात राहिले. शेतकऱ्यांचं जे नुकसान झालं ते झालंच, पण त्या पाणथळीत आता बगळे, चिखलातले पाहुणे पक्षी आणि अंदमान टील असतात. हे बदक लांबून अगदीच साधं तपकिरी दिसतं. मी बांधावर मांडी घालून बसलो आणि तासाभराने एक जोडी स्वतःहून जवळ आली, तेव्हा डोळ्याभोवतीचं पांढरं कडं दिसलं. चष्मा लावून निजल्यासारखं. नर मान मागे टाकून पंखात चोच खुपसतो, पण डोळा अर्धा उघडाच. फोटो घेतले ते जमिनीलगत, कोपरं चिखलात. गाडीच्या खिडकीतून घेतलेल्या फोटोत ते कडं येतं, पण पाण्यातलं प्रतिबिंब येत नाही.

वेळेचं गणित: मुंबईपेक्षा तिथे सूर्य तास-सव्वातास आधी उगवतो आणि घड्याळ मात्र तेच. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला अंधारून येतं. हॉटेलचा नाश्ता विसरा. पहाटे साडेचारला निघायचं आणि नऊपर्यंत आटपायचं. त्यानंतर जंगल गप्प होतं.

जंगलात उजेड नसतो. सदाहरित रान, वर पानांचं छप्पर. काळा सुतार (अंदमान वुडपेकर) उंच खोडावर, त्यामागे पांढरं आभाळ. कॅमेऱ्याचं ऐकलंत तर फक्त काळी आकृती मिळते. मी सरळ दीड स्टॉप (कॅमेऱ्यात उजेड मोजायचं माप) उजेड वाढवतो, आभाळ जळालं तर जळू दे. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) 3200 च्या खाली यायचं नावच काढू नका. टकाचोर (अंदमान ट्रीपाय) सगळ्यात छळतो. कोतवाल, शामा, बुलबुल यांच्या मिश्र थव्याबरोबर येतो आणि थवा पुढे गेला की गेला. त्याच्या मागे धावून काही होत नाही. थवा ज्या दिशेने चाललाय, तिकडे पुढे जाऊन उभं राहायचं.

आता भांडण. अंदमानात घुबडांच्या चांगल्या चार-पाच जाती आहेत आणि प्रत्येक फोटोग्राफरला त्या सगळ्या दोन रात्रींत हव्या असतात. म्हणून गाइड स्पीकरवर त्या पक्ष्याचा आवाज लावतात. चिडियाटापूच्या रस्त्यावर एकाच वळणावर, एकाच संध्याकाळी, तीन गट पाळीपाळीने एकाच जोडीला आवाज लावताना मी पाहिले. वरून टॉर्च. माझं मत सरळ आहे: बेटावर तरी हे बंद करायला हवं. तुम्ही काय म्हणता?

तळेगावकर

मस्त धागा. भांडणात नंतर उतरतो, आधी कामाचं. फेब्रुवारीत जातोय. 200-600 लेन्स आहे. दमट हवेचं काय करायचं? मागे कोकणात लेन्सच्या आत बुरशी धरली होती, दुरुस्तीवाल्याने खिसा चांगलाच कापला.

रानवाट

@तळेगावकर, एसी हा खरा शत्रू. रात्री एसी खोलीत ठेवलेली लेन्स पहाटे बाहेर काढलीत की काचेवर धुकं धरतं आणि तेवढ्यात सुतार येऊन जातो. मी बॅग बाथरूममध्ये किंवा व्हरांड्यात ठेवायचो, जिथे बाहेरचीच हवा असते. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या न्या, पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या म्हणजे कधी भाजून परत वापरायच्या ते कळतं. बोटीवरून आलात की गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या फडक्याने बॉडी आणि लेन्सची नळी पुसा. कोरड्या फडक्याने मीठ घासलं जातं.

बोटीत लेन्स कठड्यावर टेकवू नका. इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. गुडघे सैल ठेवून उभं राहायचं, शटर 1/2000 सेकंदापेक्षा वेगवान.

निवतीचो_दर्यावर्दी

अंदमानापर्यंत कशाला जाता, आमच्या वेंगुर्ल्याच्या समोर खडक आसत ना! दीपगृह असलेले वेंगुर्ला रॉक्स आणि त्यातलं बर्न्ट आयलंड. पण हे वाचून कोणी होडी भाड्याने घेऊन निघू नये, म्हणूनच लिहितोय.

तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळ्यांची वसाहत आहे. काळोखात टिकटिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर उडतात, वटवाघळासारख्या. घरटं लाळेचं आणि थोड्या पिसांचं, भिंतीला चिकटवलेली पांढुरकी वाटीच. पूर्वेकडच्या देशांत त्याचं सूप करतात, म्हणून चोरटे लोक गुहेत शिरून घरटी खरवडून न्यायचे. अंडी, पिल्लं असली तरी. वन विभाग आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे राखण केली, तेव्हा कुठे वसाहत सावरली. आम्ही लहानपणी ऐकायचो की ‘तिकडे पैसो लागलेलो आसा’, म्हणजे काय ते मोठं झाल्यावर कळलं.

दुसरं, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर सुरय (ब्रायडल्ड टर्न) तिथे उघड्या कातळावर अंडी घालतात. आता हे नीट वाचा. आपल्याला वाटतं पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला. मे महिन्यात कोकणातल्या कातळावर ऊब कसली, तिथे तो सावली देत असतो. माणूस उतरला की सगळा थवा उठतो, आकाशात ओरडत फिरतो, फोटो झकास येतात, आणि खाली अंडी तापत राहतात. कावळे वाट बघत असतातच. फोटोत थवा जितका मोठा, तितकं खाली नुकसान मोठं, हे एकदा डोक्यात बसलं की तो फोटो बघवत नाही.

होडीतून लांबून बघा, बंदी नाही असा काळ बघून. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि दर्याही जाऊ देत नाही.

काजळरेघ

@दर्यावर्दी, पावसाळ्यात वादळानंतर मुंबईच्या किनाऱ्यावर थकलेले समुद्री पक्षी सापडतात ते हेच का?

निवतीचो_दर्यावर्दी

होय, ब्रायडल्ड टर्न असतात, कधी बूबी पण. वाऱ्याने ढकललेले. असा पक्षी दिसला तर परत पाण्यात ढकलू नका, खोक्यात घालून वन विभागाला किंवा पक्षी वाचवणाऱ्यांना फोन करा. आणि पाणी चोचीत ओतू नका हो.

लायफर_४००

धागाकर्त्याशी असहमत. कॉल वाजवण्याबद्दल इथे सोवळं फार चाललंय. मी नोकरदार माणूस, आयुष्यात एकदाच अंदमानला जाणार. दोन मिनिटं आवाज लावला, घुबड आलं, फोटो झाला, निघालो. जंगलतोड, कुत्री, मांजरी यांनी जेवढं नुकसान होतं त्याच्यापुढे हे काय? शिवाय गाइडचं पोट त्यावर आहे. घुबड दिसलं नाही तर पुढचा गट त्याच्याकडे येणार नाही.

रानवाट

@लायफर_४००, तुम्ही एकदाच जाता हे खरं, पण ते घुबड तिथेच राहतं. त्याच्या बाजूने बघा: नोव्हेंबर ते मार्च, जवळजवळ रोज संध्याकाळी त्याच्या हद्दीत एक अदृश्य नर येऊन ओरडतो. प्रत्येक वेळी ते शिकार सोडून हाकलायला येतं आणि तिथे कोणीच नसतं. ताडोब्यात किंवा पश्चिम घाटात जंगल मोठं, गट विखुरतात. इथे रस्ता एक, वळणं मोजकी, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये तीच लोकेशन.

लायफर_४००

म्हणजे तुम्ही बघून आलात, आता बाकीच्यांनी घरी बसायचं.

रानवाट

तसं म्हटलंय कुठे? जा, बघा, पण आवाज न लावता. नाही दिसलं तर नाही दिसलं.

खारा_वारा (पोर्ट ब्लेअर)

मी नोकरीनिमित्त इथेच राहते, म्हणून दोघांनाही थोडं थोडं झापते. 😄

@लायफर_४००, घुबडासाठी स्पीकर लागतोच हा समज बाहेरच्यांचा आहे. पाऊस थांबल्यावर, वारा पडलेला असताना, गावाच्या कडेच्या दिव्याखाली उभे राहा. दिव्यावर पाखरं येतात आणि पाखरांवर बोबूक घुबड येतं, विजेच्या तारेवर बसतं, झेप घेतं, परत त्याच तारेवर. आमच्या कॉलनीत मुलं क्रिकेट खेळत असतात आणि ते वर बसलेलं असतं. दिव्याच्या उजेडातच फोटो मिळतो, टॉर्च नको. मास्क्ड आउल मात्र खरंच अवघड, ते दिसलं तर नशीब.

@रानवाट, गाइडचा मुद्दा तुम्ही टाळलात. इथे पक्षी दाखवून घर चालवणारी बरीच पोरं आहेत. त्यांना पाहुणा विमानतळावरच यादी हातात देतो, ‘या अठरा हव्यात’. कॉल लावला नाही तर रेटिंग खाली. मग ते पोरगं काय करणार? तुम्ही आधीच फोनवर सांगा की कॉल नको, न दिसल्यास तक्रार नाही. माझ्या ओळखीच्या गाइडला असे पाहुणे मिळाले की तो खूश असतो, कारण मग त्याला भटकायला मिळतं. एका गटाबरोबर नुसतं चहाच्या टपरीजवळ बसून त्यांना अंदमान क्रेक दिसला. तांबूस, जंगलात राहणारा, एरवी दिवस घालवला तरी न दिसणारा. ओढ्याकडे निघाला होता, चारी बाजूंना बघून रस्ता ओलांडला.

आणखी काही, जे गाइड सांगतातच असं नाही. खाडीकाठी मगरींचे बोर्ड आहेत ते शोभेला नाहीत. खंड्याच्या फोटोसाठी पाण्याशी ओणवं होऊ नका. वाळूत सँडफ्लाय चावतात, आठवडाभर खाज जात नाही, पूर्ण पायजमा घाला. बाराटांगला जाताना जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्याने जावं लागतं. तिथे गाडी थांबवायची नाही आणि कॅमेरा बाहेर काढायचाच नाही, फांदीवर कितीही दुर्मीळ पक्षी बसलेला असो. गुन्हा आहे तो, आणि व्हायलाच हवा.

तळेगावकर

तो क्रेकचा प्रसंग भारी! आणि निकोबार कबुतर कुठे मिळेल? डोडोचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक म्हणे.

खारा_वारा

‘मिळेल’ म्हणू नका हो, भाजी आहे का ती. 🙂 निर्मनुष्य छोट्या बेटांवर असतं, पर्यटकांच्या वाटेवर नाही. निकोबारला जायचं तर आदिवासी क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो, 1956 च्या नियमावलीखाली, आणि तो नुसत्या हौसेसाठी मिळत नाही.

जुनी_दुर्बीण

निकोबारचा विषय निघालाच आहे तर मेगापोडबद्दल लिहितो. कोंबडीएवढा पक्षी. किनाऱ्यालगत वाळू, पालापाचोळा ओढून माणसाच्या कमरेइतका ढीग करतो आणि अंडी त्यात पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर अंडी उबतात. पिल्लू स्वतः ढीग उकरून बाहेर येतं आणि आई-बापाचं तोंड न बघता चालायला लागतं. ढीग किनाऱ्यापासून काही पावलांवर, त्यामुळे त्सुनामीत त्यांची वाताहत झाली. ग्रेट निकोबारला गॅलाथिया उपसागराचं अभयारण्य 2021 मध्ये रद्द करून तिथे बंदर उभं करण्याचं ठरलं. त्यावर वेगळा धागा आहे, तिकडे भांडू.

कोइमतूरच्या सेकॉन (सलीम अली पक्षीविज्ञान केंद्र) संस्थेचे डॉ. रवी शंकरन यांनी मेगापोडवर मोठं काम केलं. दर्यावर्दींच्या पाकोळ्यांचा दुवाही तिथेच आहे. उत्तर अंदमानात दिगलीपूरकडे ‘चालीस एक’ नावाच्या गुहा आहेत. तिथे घरटी खरवडणाऱ्यांनाच शंकरन आणि वन विभागाने राखणदार केलं. पिल्लं उडून गेली की मगच घरटं काढायचं, ही त्यामागची कल्पना. शंकरन 2009 मध्ये अकाली गेले.

काजळरेघ

आणि नारकोंडम? तो धनेश बघायचं माझं स्वप्न आहे.

जुनी_दुर्बीण

काजळरेघताई, स्वप्नाला हरकत नाही. पूर्ण बेट 6.8 चौरस किलोमीटर. समुद्रातून 710 मीटर वर आलेला निद्रिस्त ज्वालामुखी, वर दाट जंगल, बोट लावायला धक्का नाही. जगातले सगळे नारकोंडम धनेश तेवढ्या तुकड्यावर. नराचं डोकं-मान तांबूस, मादी काळी. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर उंबर-वडाची फळं आणून भरवतो, बाकी धनेशांसारखंच. फरक हा की इथे वादळात जुनी झाडं पडली तर शेजारच्या जंगलात जायची सोय नाही.

ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूमने 1873 मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर शंभर वर्षांनी मुंबईच्या हुमायून अब्दुलअलींनी बेटाच्या पक्ष्यांवर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जर्नलमध्ये लिहिलं. याच अब्दुलअलींनी स्वातंत्र्यापूर्वी वेंगुर्ला रॉक्सच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवरही लिहिलं आहे, दर्यावर्दी नक्की वाचा. बेटावर 1969 पासून पोलीस चौकी आहे. एकेकाळी त्यांच्यासाठी सोडलेल्या शेळ्यांनी रोपं खाऊन जंगलाची नवी पिढी उगवू दिली नव्हती. त्या शेळ्या नंतर काढल्या.

उतरायला वन विभागाची परवानगी लागते आणि ती प्रामुख्याने संशोधकांना मिळते. माझ्या मते तसंच राहावं. एवढ्याशा बेटावर दर हंगामात पन्नास लेन्सवाले उतरले तर घरट्याच्या झाडाखाली रांग लागेल.

लायफर_४००

आता नारकोंडमलाही बंदी. फक्त शास्त्रज्ञांनीच बघायचं का? लोकांनी पाहिलंच नाही तर वाचवायला पुढे कोण येणार?

पफिनवाली (एडिनबर्ग)

@लायफर_४००, हा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. इथे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांवर रोज बोटी भरून लोक जातात, तरी पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) आहेत. पण कसे जातात ते बघा. आखलेली वाट, दोन्हीकडे दोरी, जागोजागी रेंजर. आर्क्टिक सुरय वाटेच्या कडेलाच अंडी घालतात आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या टाळूवर चोच मारतात. नवऱ्याने टोपी घेतली नव्हती, सगळ्या बोटीची करमणूक झाली. वाकून फोटो घ्यायचा तर दोरीच्या अलीकडूनच. आणि 2022 मध्ये पक्ष्यांत फ्लू आला तेव्हा बेटांवर उतरणं बंद केलं ते थेट 2024 पर्यंत. लोक कुरकुरले, पण बोटीतून बघून परतले.

म्हणजे लोकांना नेता येतं, पण त्यासाठी माणसं नेमून पैसा खर्च करावा लागतो. नुसता बोर्ड लावून होत नाही.

निवतीचो_दर्यावर्दी

@पफिनवाली, रेंजर आणि दोरी! आमच्याकडे दोरी बांधली तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी होडीला वापरील. 😀 पण मुद्दा पटला.

लायफर_४००

ठीक आहे. दिव्याखालचं घुबड हा उपाय करून बघतो. कॉलवर अजूनही मला एवढा बाऊ पटत नाही, पण रोज-रोज त्याच जोडीला, हे मात्र डोक्यात नव्हतं. लोकेशन कोणी व्यनि करेल का?

रानवाट

नेमकं झाड नाही करणार, कोणालाच. घरट्याचे फोटो टाकणाऱ्यांनीही फाइलमधली जीपीएस माहिती काढून टाकावी, ही विनंती. गावाचं नाव पुरे.

तळेगावकर

शेवटचा प्रश्न. माउंट हॅरिएटला गाडीने जायचं की चाथमहून बांबूफ्लॅटची फेरी घ्यायची? आणि जळवा?

खारा_वारा

फेरी घ्या, स्वस्त पडते, आणि गाडी घेऊन आडवळणाने गेलात तर पहाटेचा वेळ रस्त्यातच जातो. बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहा, समुद्रगरुड दिसण्याची शक्यता असते. पलीकडे जीप मिळते, आदल्या दिवशीच सांगून ठेवा. गेट उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार वन विभागाच्या कार्यालयात फोन करून विचारा, बदलत असतात. फेब्रुवारीत कोरडं असतं, जळवा कमी. पाऊस पडून गेला असेल तर मोजे पँटवर ओढा आणि वर तंबाखूचं पाणी चोळा.